झोपेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन की मिर्टाझापिन?
दोन्ही गोळ्या मुळात नैराश्याच्या. मेंदूला जागं ठेवणारं हिस्टामिन हे रसायन अडवतात म्हणून गुंगी येते. निव्वळ निद्रानाशावर दोन्ही पहिली पसंती नव्हेत. मायग्रेन किंवा नसांचं दुखणं सोबत असेल तर अ‍ॅमिट्रिप्टिलिन सोयीची, सुरुवात १० मिलिग्रॅमपासून. पण तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. काचबिंदू, हृदयविकार असेल तर आधी सांगावं.

मिर्टाझापिन ७.५ मिलिग्रॅमलाही झोप आणते, भूक मात्र खवळवते. कोल्हापूरच्या गंगावेशीत रात्री धारोष्ण दुधाचा पेला रिचवणाऱ्यांचं वजन आणखी वाढणार! जेवण तुटलेल्या, वाळलेल्या माणसाला हीच बरी.

अंमल दोन्हींचा सकाळपर्यंत रेंगाळतो. गोळी उशिरा घेतली, की शिरोली एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीला लेथवर पेंग येते. दारू वर्ज्य. बंद करताना डोस डॉक्टरांकडूनच हळूहळू उतरवून घ्यावा.