एका शिफ्टमध्ये सरबताची जाहिरात: ठाण्यातला फ्लोअर की नवी मुंबईतला फ्लॅट?

वीस सेकंदांची जाहिरात, कोकम सरबताची काचेची बाटली, घरातल्या चौघांचा एक प्रसंग आणि हातात बारा तासांची एकच शिफ्ट. अशा वेळी सगळे आधी भाडं विचारतात. विचारायला हवं ते हे की लाइट किती वेळा हलवावे लागणार, कारण दिवस खातं ते लायटिंगच.

घोडबंदर रोडवरच्या भाड्याच्या फ्लोअरची, म्हणजे स्टुडिओतल्या मोकळ्या हॉलची, जमेची बाजू म्हणजे जागा. एका कोपऱ्यात बाटलीचं टेबल-टॉप (नुसत्या बाटलीच्या क्लोज-अपची मांडणी), दुसऱ्यात किचनचा सेट, दोन्ही सकाळपासून उभे. इकडे शॉट चालू असताना तिकडे आर्टवाले मांडामांड करतात. ऊन सरकण्याची भानगड नाही. पण सेट उभा करायला आदल्या दिवसाचं भाडंही धरा, आणि सेटच्या कोऱ्या भिंती घरासारख्या दिसायला डबे, कॅलेंडर, वापरलेली पातेली आणावी लागतात. ती नसली की किचन फर्निचरच्या दुकानातलं वाटतं.

ऐरोली-घणसोलीच्या फ्लॅटमध्ये हे सगळं आयतं मिळतं आणि माणसांचे शॉट भराभर निघतात. अंधेरीहून येणारा सामानाचा टेम्पो जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) आणि मग पूर्व द्रुतगती मार्ग धरून ऐरोली पुलावरून उतरतो. अडचणी आत शिरल्यावर सुरू होतात. आठ बाय दहाच्या किचनमध्ये कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा नाही, सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर लाइट उभा करता येत नाही, आणि पश्चिमेचं किचन असेल तर दुपारी तीननंतर ऊन थेट ओट्यावर. सोसायटीची परवानगी लेखी घ्या, लिफ्टच्या वापरासकट. १६ अँपिअरच्या एका सॉकेटवर साडेतीन किलोवॅटच्या आसपास भार चालतो, म्हणजे दोन किलोवॅटचा जुना टंगस्टन दिवा आणि एसी एकाच लाइनवर नको. एलईडी मागवा.

आता बाटली, कारण खरा वेळ तिथेच जातो. कोकमाचा रंग गडद. समोरून लाइट मारला की काळा दिसतो. चंदेरी पुठ्ठा बाटलीच्या आकाराचा, पण कडेने जरा लहान कापून मागे टेकवा आणि वरून-मागून लाइट त्यावर पाडा, लाल उजळून येतो. पुठ्ठा रुंद राहिला तर काचेच्या कडेने डोकावतो. फ्रीजमधली बाटली इथल्या दमट हवेत बघता बघता धुरकटते आणि लेबल गायब होतं, म्हणून ती साध्या तापमानाचीच ठेवा. लेबलावर मास्किंग टेप, बाटलीवर मॅट स्प्रेचा हलका हात, वाळल्यावर ग्लिसरीन-पाणी निम्मं-निम्मं फवारून शेवटी टेप काढा. हे थेंब बराच वेळ टिकतात. नुसत्या पाण्याचे ओघळतात. डझनभर बाटल्या आणा, त्यातल्या सरळ लेबलाच्या तीन हिरो म्हणून, म्हणजे प्रत्यक्ष शॉटसाठी, बाजूला काढा आणि बाकीच्यांवर तालीम करा. क्लायंटकडून दोनच बाटल्या आल्या तर एका ओरखड्यावर शूट अडतं.

एवढं काम ज्या टेबलावर केलं, ते दुपारी उचलायला लागलं की तास-दीड तास गेलाच. म्हणून शॉट मोजा. निम्म्याहून जास्त शॉटमध्ये नुसती बाटली, ओतणं, बर्फ असेल तर बिनदिक्कत फ्लोअर. माणसं जास्त आणि पॅक शॉट (नुसत्या बाटलीचे शॉट) एक-दोनच असतील तर फ्लॅट. मात्र आतली एक बेडरूम काळे पडदे लावून सकाळीच बाटलीसाठी अडवा आणि तिथे एक माणूस वेगळा बसवा.

रबाळे एमआयडीसीतला गाळा स्वस्त आणि उंच असतो, पण पत्र्याखाली दुपारी भट्टी होते आणि पावसात संवाद रेकॉर्ड करणं विसरा. व्हॉइसओव्हर नंतर टाकणार असाल तर चालेल.

जागा कुठलीही ठरो, रेकीला, म्हणजे शूटआधी जागा बघायला जाल तेव्हा, मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन काढून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरातले काही एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. २५ फ्रेमला, १/५० शटरवर ते कळत नाही. सरबत ओतण्याच्या स्लो-मोशनमध्ये मात्र सगळं चित्र थरथरतं. तसं दिसलं तर त्या शॉटला घरचे दिवे बंद, आणि तेवढे फ्लिकर-फ्री लाइट भाड्याने देणाऱ्या व्हेंडरच्या यादीत त्याच दिवशी वाढवा.