चिपर, रुंद तळाचा वेज की साठ अंश: ग्रीनजवळ बॅगेत काय ठेवायचं?

आमचे आबा लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्यात सदरबझारात राहायला आले. गोल्फ ते छावण्यांमध्ये शिकले, आणि अडुसष्टाव्या वर्षीही लांबचा फटका असा सरळ मारतात की बघत राहावं. मध्यंतरी त्यांनी चहाला बोलावलं आणि फोनवरचं चित्र पुढे केलं. "हे बघ. दिसतंय पटरसारखं, आणि चिप मारतं म्हणे. घेऊ का?" पटर म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवायची काठी, आणि चिप म्हणजे जवळून मारलेला छोटा, बुटका फटका.

त्याच आठवड्यात एमआयडीसीत वर्कशॉप चालवणाऱ्या माझ्या मित्राचा फोन. "साठ अंशाचा वेज घ्यावा म्हणतोय. बघ की जरा." वेज म्हणजे जवळून चेंडू उंच उडवायची, तिरप्या पात्याची काठी.

दुखणं दोघांचं एकच. ग्रीनपर्यंत, म्हणजे भोक आणि झेंडा असतो त्या बारीक गवतापर्यंत, चेंडू शहाण्यासारखा येतो आणि शेवटच्या पंधरा पावलांत तीन-चार फटके जातात. पण एकाला चालेल ते दुसऱ्याला चालणार नव्हतं. दोघांना तोंडी सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय.

आधी आमची परिस्थिती. साताऱ्यातून पहाटे पावणेपाचला निघालं, की खंबाटकीचा बोगदा अंधारात मागे पडतो आणि सातच्या आत पुण्यात पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागेवर, उभं राहता येतं. महिन्यातून दोनदा जमलं तरी घरचे खूश नसतात. बाकी सराव कोरेगावकडच्या आमच्या रानाच्या कडेला, जिथं ऊस नाही तिथं. तिथली हरळी माझं खरं प्रॅक्टिस ग्रीन. चुलते तिच्या नावाने बोटं मोडत असतात, कारण कितीही खणून काढली तरी कांड्याकांड्याने पुन्हा फुटते. गोल्फवाले तिलाच बर्म्युडा म्हणतात आणि तिच्या घरंदाज भावंडांना ग्रीनवर लाडाने वाढवतात. वेज निवडताना हे लक्षात ठेवायचं, कारण हरळीला कल असतो. पाती आपल्याकडे झुकलेली असली, की वेजची धार त्यांत अडकते आणि चेंडू दोन हात पुढे जाऊन बसतो. त्यात मे महिन्यात तीच जमीन मुरमासारखी टणक, आणि जुलैत पाय रुतेल अशी.

वेजवर कोरलेला मोठा आकडा म्हणजे लॉफ्ट, चेंडू किती उंच उडणार त्याचा कोन. तो सगळे वाचतात. ग्रीनजवळ घात करतो तो दुसरा, बारीक आकडा: बाउन्स. वेज उलटा धरून तळ बघा. पुढची धार ही लीडिंग एज, आणि तळाचा फुगवटा तिच्याहून थोडा खाली उतरलेला असतो. त्या दोघांतला कोन तो बाउन्स. आपल्या भाषेत, धार म्हणजे नांगराचा फाळ आणि फुगवटा म्हणजे पेरणीनंतर फिरवायची फळी. फाळ घुसतो, फळी वरून सरकते. प्रत्येक वेजमध्ये दोन्ही असतात, प्रमाण तेवढं वेगळं. ४ ते ६ अंश कमी, ७ ते १० मधला, त्यापुढे जास्त असा साधारण हिशेब.

ही फळीची युक्ती लोकप्रिय केली अमेरिकेचा गोल्फपटू जीन साराझेनने. जुन्या पातळ तळाच्या लोखंडी काठ्या वाळूत घुसून बसायच्या. त्याने मागच्या बाजूला शिसं चढवून तळ जाड केला आणि १९३२ची ब्रिटिश ओपन जिंकली. विमानाची शेपटी खाली गेली की नाक वर उचललं जातं, त्यावरून हे सुचलं असं तो सांगायचा. आजचे सगळे 'खास' वेज त्याच जाड तळाचे वंशज आहेत.

बाउन्सबद्दल आणखी एक. दुकानातला आकडा हा दांडा सरळ उभा असतानाचा. चिप मारताना आपण हात चेंडूच्या पुढे ढकलतो, म्हणजे दांडा लक्ष्याकडे कलतो. ८ अंश कलला तर ५६ लॉफ्ट आणि १० बाउन्सचा वेज प्रत्यक्षात ४८ आणि २ होतो. फळी गेली, फाळ राहिला. मग वेज चेंडूच्या मागे जमिनीत जातो, आपण त्याला डफ म्हणतो, आणि दोष वेजला देतो. उलट, वेजचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, उघडं म्हणजे आभाळाकडे वळवलेलं ठेवलं की लॉफ्ट आणि बाउन्स दोन्ही वाढतात.

आता आबांचं चित्र. तो चिपर. लांबी पटरच्या आसपास, तळ रुंद, लॉफ्ट आठ-नऊ नंबरच्या आयर्नच्या, म्हणजे लोखंडी काठीच्या, आसपास. पिंग कंपनीच्या 'चिपआर' (ChipR) या चिपरचा लॉफ्ट ३८.५ अंश आहे, क्लीव्हलंडच्या स्मार्ट सोल मालिकेतल्या 'सी'चा ४२. पटरसारखं उभं राहायचं, मनगट न मोडता खांद्यांनी झुलवायचं. चेंडू वीतभर उडतो, ग्रीनवर उतरतो आणि पळत सुटतो. ज्यांचा हात ऐन फटक्याच्या वेळी झटका खातो त्यांना हे वरदान आहे, कारण झटका खायला मनगटाला कामच ठेवलेलं नसतं. टणक जमिनीवर, ग्रीनच्या दोन-तीन पावलांतून, मध्ये अडथळा नसताना चिपरला तोड नाही. क्लबात कुणी हसलं तर हसू दे, स्कोअरकार्डावर काठीचं नाव लिहायचा रकाना नसतो.

पण चिपर येतो तो एकाच कामासाठी. मध्ये बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा असला, किंवा झेंडा अगदी अलीकडच्या कडेला असला, की बॅगेत परत. वाळूतून तो बाहेर काढणार नाही, उंच गवतातून क्वचित. आणि बॅगेत काठ्या १४च चालतात. चौदा भरल्या असतील तर चिपरसाठी एक घरी ठेवावी लागेल, ती कोणती हे आधी ठरवा. नियमांची आणखी एक मेख: चिपर हा नियमांच्या दृष्टीने आयर्न आहे, पटर नव्हे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी मारता येणारे चिपर आणि पटरची चपटी ग्रिप बसवलेले चिपर स्पर्धेत चालत नाहीत. ऑनलाइन स्वस्तात दिसतात त्यांतले बरेच असेच. रविवारी मित्रांत खेळायचं असेल तर प्रश्न नाही.

दुसरा प्रकार रुंद तळाच्या वेजचा. 'स्मार्ट सोल ४'मधला 'एस' घ्या, ५८ अंश. तळ इतका रुंद की पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला उलथणं आठवलं. कल्पना सरळ आहे: तुम्ही चेंडूच्या दोन बोटं मागे मारलंत तरी तळ घुसणार नाही, सरकून चेंडूखाली जाईल. बंकरमधल्या भुसभुशीत वाळूत आणि पावसाळ्यातल्या मऊ जमिनीवर हे इतकं खरं ठरतं की फसवणूक केल्यासारखं वाटतं. तोंड उघडायला नको, विशेष तंत्र नको. वाळूत चेंडूच्या मागे आपटायचं आणि हात थांबवायचे नाहीत.

अडचण मे महिन्यात. टणक जमिनीवर रुंद तळ टेकला की धार जमिनीपासून उचललेली राहते. तळ आपटून उसळतो, धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे पसार. आमच्या रानाच्या कडेला पाण्याअभावी हरळी विरळ झाली की माझं हेच होतं, आणि चुलते बांधावरून विचारतात, "आज कुणाच्या उसात गेला?"

तिसरा प्रकार म्हणजे नेहमीचे, जाणत्यांचे वेज. पण आता त्यांतही तळ घासून दिलेल्या आकारांची, म्हणजे ग्राइंडची, एवढी नावं आहेत की मिठाईच्या दुकानात उभं राहिल्यासारखं होतं. टायटलिस्ट कंपनीच्या व्होकी मालिकेत एफ, एस, एम, डी, के, टी अशी अक्षरं आहेत. सगळी पाठ करायची गरज नाही. एफ हा भरीव तळ, तोंड सरळ ठेवून मारणाऱ्यांसाठी. एममध्ये पात्याच्या टाचेकडचं (दांड्याच्या बाजूचं) आणि टोकाकडचं लोखंड काढलेलं असतं, त्यामुळे तोंड उघडलं तरी धार जमिनीलगत राहते. केचा तळ सर्वांत रुंद, वाळूसाठी. टीचा तळ अरुंद आणि बाउन्स कमी, टणक जमिनीवर अचूक हात असलेल्यांसाठी. आपण स्वतःला टीवाले समजतो आणि असतो एफवाले. माझ्या मित्राचंही हेच झालं होतं. त्याच्या मनात ६० अंश, ४ बाउन्स, कारण टीव्हीवर कुणीतरी उघड्या तोंडाने चेंडू सरळ आभाळात उडवून झेंड्याशेजारी थांबवताना त्याने पाहिलं होतं.

चौथा प्रकार त्याच स्वप्नाचा पुढचा भाग. अमेरिकी गोल्फपटू फिल मिकलसनच्या पद्धतीवर कॅलवे कंपनीने २०१५मध्ये पीएम ग्राइंड आणला: टोक उंच, खाचा तोंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टेलरमेडचा हाय-टोही त्याच वळणाचा. तोंड पूर्ण उघडून मारलं की चेंडू पात्यावर टोकाकडे सरकतो, म्हणून तिथेही खाचा. कल्पना पक्की आहे. पण ती सोडवते ती अडचण रोज दोनशे चेंडू मारणाऱ्याची आहे. ६४ अंशांचा एक मी हौसेने घेतला. उंच गवतात वेज चेंडूच्या खालून निघून जातो आणि चेंडू तिथल्या तिथे उडी मारून बसतो, हे दृश्य मी त्याच्यामुळे अनेकदा पाहिलंय. पूर्ण झुलवलं तरी अंतर पडत नाही, आणि हात पूर्ण झुलवून चेंडू फक्त वीस पावलं जाणार, यावर मनाचा विश्वास बसत नाही. मग ऐनवेळी हात आखडतो.

आता एकच जागा धरून चौघांना शेजारी ठेवू. चेंडू ग्रीनबाहेर दोन पावलं, झेंडा आत तेरा पावलं, जमीन टणक, मध्ये काही नाही. इथे चिपर पहिला, नेहमीचा वेज दुसरा, रुंद तळ तिसरा, ६४ काढूच नका. तोच चेंडू पावसाळ्यात ओल्या मऊ जमिनीवर: रुंद तळ आणि चिपर बरोबरीने, अरुंद तळाचा वेज घुसणार. खाचा कितीही नव्या असल्या तरी ओल्या गवतातून फिरकी कमी मिळते, चेंडू पळेल हे धरूनच मारा. बंकर: रुंद तळ, मग भरपूर बाउन्सचा नेहमीचा. चिपर आणि ४ बाउन्स दोघेही हताश. मध्ये बंकर आणि झेंडा जवळ: तोंड उघडता येणाऱ्याला एम घासलेला ५८ किंवा ६०, न येणाऱ्याला रुंद तळाचा ५८, आणि झेंड्याचा नाद सोडून ग्रीनच्या मध्यावर.

खरेदीआधी मी दोघांनाही एक फुकटचा उपाय करायला लावला. धाव उडीच्या किती पट ते काढायचं आणि तो आकडा नेहमी बारातून वजा करायचा; उरेल त्या नंबरची काठी. बारा पावलं धावणारा चेंडू तीन पावलं उडवायचा असेल तर प्रमाण चारपट. बारातून चार गेले, आठ नंबरचं आयर्न. सहा पावलं धावायचं असेल तर दुप्पट, बारातून दोन गेले, दहा म्हणजे पिचिंग वेज. ग्रीनच्या वेगाप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज येतो. आठ नंबर पटरसारखा धरून, पात्याची टाच जरा उचलून, असं मारून पाहा. महिनाभर हे केलं आणि चेंडू झेंड्याजवळ थांबू लागला, तर चिपरचे पैसे वाचले.

आबांनी महिनाभर केलं. चेंडू बरा जायचा, पण लांब दांडा पोटाला अडायचा आणि कंबर वाकवून उभं राहिलं की पाठ बोलायची. म्हणून त्यांना सांगितलं, घ्या चिपर. एकाच बाजूचा, गोल ग्रिपचा. पाच नंबरचं आयर्न ते गेली दोन वर्षं काढतच नाहीत, ते घरी राहील. वाळूसाठी त्यांचा जुना ५६ पुरेसा आहे.

मित्राला साठपासून परावृत्त करायला दोन संध्याकाळी आणि पोवई नाक्यावरचे चार चहा लागले. त्याचा पिचिंग वेज ४४ अंशांचा निघाला. हल्लीच्या आयर्न संचांत लॉफ्ट असे कमी केलेले असतात. तेव्हा ४४ आणि ६०मध्ये केवढी दरी राहिली असती! त्याला सांगितलं, ५० आणि ५६ घे, छप्पनचा बाउन्स १० ते १२, तळ मध्यम रुंद, मागून पोकळ केलेला असला तर उत्तम, कारण चुकीच्या जागी लागलेला फटका तो जरा सांभाळून घेतो. जुना घेणार असशील तर खाचांवरून नख फिरवून बघ. नख अडलं तर घे, घसरलं तर दुसरा बघ.

त्याने छप्पन घेतला, पन्नास दिवाळीनंतर म्हणतोय. मला ६४ विकायचा आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं, पण कुठून तरी कळलंच. आता तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो, कुणाला पाहिजे का, अगदी कोरा आहे, चेंडू फारसा लागलेलाच नाही.