‘बिग फाइव्ह’ म्हणून पैसे घेतले, दाखवले कुंपणातले सिंह

दक्षिण आफ्रिकेत सफारीचं बुकिंग करणार असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आम्हाला फसवणारं लॉज दिसायला इतकं घरगुती आणि प्रेमळ होतं की संशय यायला जागाच नव्हती.

माझा धाकटा दीर जोहान्सबर्गला नोकरीला आहे. सासू-सासरे आणि मुलांना घेऊन आम्ही त्याच्याकडे गेलो, तेव्हा बेला-बेलाच्या पुढच्या एका खासगी गेम रँचवर राहायचं ठरवलं. जाहिरातीत लिहिलं होतं की तीन पिढ्यांचं कुटुंब लॉज चालवतं, शाकाहारी जेवण करून मिळेल, ‘बिग फाइव्ह’ (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस) पाहायला मिळतील आणि ठिकाण ‘क्रूगरच्या प्रांतात’ आहे. सगळे पैसे पोचण्याआधीच भरून घेतले.

‘क्रूगरच्या प्रांतात’ हे शब्द कागदोपत्री खरे आहेत, आणि चलाखी तिथेच आहे. क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचा उत्तर भाग लिंपोपो प्रांतात येतो, आणि बेला-बेलाही लिंपोपोतच. पण दोन्हींमध्ये गाडीने चार-पाच तासांचं अंतर आहे. क्रूगरला खरोखर लागून असलेली खासगी अभयारण्यं वेगळी: साबी सँड, टिंबावाटी, क्लासेरी. साबी सँड आणि क्रूगरमधलं कुंपण 1993 मध्ये काढलं, त्यामुळे तिथे प्राणी मोकळेपणाने ये-जा करतात. आमच्या लॉजच्या जाहिरातीत फोटो मात्र अशाच मोकळ्या जंगलातले होते.

आपल्याकडचा माणूस इथे हमखास गोंधळतो. ताडोबाला आपण खासगी रिसॉर्टमध्ये उतरलो तरी सफारी वनखात्याच्या गेटमधून होते आणि जंगल सरकारचं असतं. तिकडच्या गेम रँचवर जमीनही मालकाची आणि प्राणीही मालकाचे. 1991 च्या कायद्याने, पुरेसं कुंपण असलेल्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांवर जमीनमालकाचा हक्क राहतो. प्राण्यांचे लिलाव होतात, पैदास होते, शिकारही होते. हे सगळं कायदेशीर आहे. पण ते पाहुण्यांपासून लपवून ‘जंगल’ म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

पहिल्या संध्याकाळी उघड्या गाडीतून निघालो. थोड्याच वेळात सेबल हे मोठं हरीण दिसलं. काळाभोर नर, मागे वळलेली लांबलचक शिंगं, पोटाखाली पांढरा पट्टा. गाडी जवळ गेली तरी तो हलला नाही. मोठ्या मुलीने दुर्बीण लावली आणि विचारलं, “आई, याच्या कानात काय आहे?” पिवळा बिल्ला होता, नंबर छापलेला, आपल्याकडे गाई-म्हशींच्या कानात असतो तसाच. गाडी चालवणाऱ्या मुलाने, म्हणजे मालकिणीच्या नातवाने, अभिमानाने सांगितलं की हा लिलावात घेतलाय.

सिंह पाहायला उंच विजेच्या तारांच्या वेगळ्या आवारात नेलं. आवार लहान होतं, एका कोपऱ्यात उभं राहिलं की पलीकडचं कुंपण दिसायचं. पिकअपमधून कोंबड्या टाकल्या आणि सिंह धावत आले. ‘सिंहांचं जेवण’ म्हणून याचे माणशी वेगळे पैसे लावले. हत्ती, गेंडा आणि रानम्हशी त्या रँचवर नव्हत्याच. त्यासाठी दुसऱ्या रिझर्व्हची सहल, तिचा दर वेगळा. बिबट्या “आहे, पण दिसत नाही”. म्हणजे पाचातला एकच दाखवला, तोही पिंजऱ्यासारख्या जागेत.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी अचानक रद्द झाली. कारण विचारलं तर “आज त्या भागात काम आहे” एवढंच. दुपारी सासरे फिरत शेडच्या मागे गेले, तेव्हा कातडं सोललेला कुडू, म्हणजे तिकडचं एक मोठं हरीण, आकडीला टांगलेला होता. परदेशी शिकारी पाहुणे आले होते आणि त्यांच्यासाठी सकाळ राखून ठेवली होती. आम्ही माळकरी घरातली माणसं. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. आजीबाई मालकीण, जिला सगळे ‘तानी’ म्हणजे मावशी म्हणत, प्रेमाने फळं घेऊन आल्या. पण इथे शिकार चालते हे बुकिंगच्या वेळी का सांगितलं नाही, याचं उत्तर त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही.

सिंहाच्या बछड्यांना हात लावायची, बाटलीने दूध पाजायची सोयही देऊ केली होती. आम्ही नकार दिला, तुम्हीही द्या. अशा ठिकाणी बछडी आईपासून फार लवकर तोडतात म्हणजे ती पुन्हा लवकर विते, आणि मोठे झालेले सिंह अनेकदा कुंपणातल्या शिकारीसाठी किंवा हाडांसाठी जातात. 2021 मध्ये तिथल्या सरकारी तज्ज्ञ समितीनेच ही बंदिस्त सिंहपैदास थांबवावी अशी शिफारस केली. आणि जाहिरातीत वाघ दिसला तर तिथेच थांबा, कारण आफ्रिकेत वाघ मुळात नाहीत. वाघ म्हणजे आणून पाळलेले.

बुकिंगआधी लॉजला ईमेलवर विचारा, फोनवर नको: पाचपैकी कोणते प्राणी याच जागेवर मोकळे आहेत? सिंह वेगळ्या आवारात आहेत का? शिकार चालते का, कोणत्या महिन्यांत? ‘संवर्धन शुल्क’ धरून एकूण किती पडेल? आमच्या बिलात हे शुल्क शेवटी, माणशी आणि दर रात्रीचं असं निघालं. नुसतं कुंपण असणं वाईट नाही. पिलानेसबर्ग राष्ट्रीय उद्यानालाही कुंपण आहे, पण आत साडेपाचशे चौरस किलोमीटरचं रान आहे, सिंह स्वतः शिकार करतात, आणि तिथे आपली गाडी घेऊन फिरता येतं. जोहान्सबर्गहून ते अडीच तासांवर आहे, मलेरियाचीही भीती नाही.

जाहिरातीचे स्क्रीनशॉट नवऱ्याने जपून ठेवले होते, तेच कामी आले. तिथल्या 2008 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला मनाई आहे. आगाऊ बुकिंग रद्द केलं तर मालकाला फक्त वाजवी रक्कम कापता येते, असंही त्यात आहे. दिराने कायद्याचा हवाला देऊन पत्र लिहिलं, तेव्हा संवर्धन शुल्क आणि सिंहांच्या जेवणाचे पैसे परत आले. खोल्यांचे पैसे अजून अडकलेत. तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे दिली आहे आणि पाठपुरावा चालू आहे.