व्हायोलिनसाठी बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा की स्वॅम?

ही दोन्ही संगणकावर कीबोर्डने वाजवायची आभासी वाद्यं आहेत. स्पिटफायर ऑडिओची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली आहे. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दाबताच दालनाचा घुमार आणि अनेक गजांचा एकत्र भरदारपणा ऐकू येतो. पण सूर आधीच मुद्रित केलेले, त्यामुळे मींड मनासारखी वळत नाही.

ऑडिओ मॉडेलिंगच्या स्वॅम व्हायोलिनमध्ये गजाचा दाब, वेग, तारेवरची जागा यांवरून आवाज त्या क्षणी गणिताने घडतो. मींड, गमक, कंप हवे तसे काढता येतात. भावगीताच्या ओळीमागे एकच व्हायोलिन हवं असेल तर मी नि:शंकपणे हेच घेईन. मात्र आवाजाचा चढउतार पायाने करणारं एक्स्प्रेशन पेडल किंवा फुंकरीने करणारा ब्रेथ कंट्रोलर जवळ हवाच, नाहीतर सूर निर्जीव वाटतो. रिव्हर्बही (दालनासारखा घुमार) विचारपूर्वक द्यावा लागतो.