पेंटबॉल: स्वतःची टीम काढायची की दुसऱ्यांच्या टीममध्ये शिरायचं?

पेंटबॉल म्हणजे हवेच्या दाबाच्या बंदुकीतून रंगाच्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायचा खेळ. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत हा वाद महिनाभर चालू आहे. स्वतःची टीम म्हणजे नाव आपलं, जर्सी आपली आणि खर्चही आपलाच. पाच जणांच्या सामन्यासाठी यादीत आठ-नऊ तरी हवेत. रविवारी कुणाचा ना कुणाचा साखरपुडा असतोच. २,००० गोळ्यांचा खोका सरावात बघता बघता रिकामा होतो. शिवाय गोळीचं कवच जिलेटिनचं. ठाण्याच्या पावसाळी हवेत ते ओलावा धरून फुगतं, मऊ पडतं आणि गोळी बंदुकीच्या नळीतच फुटते. मग खेळ सोडून रंग पुसत बसा.

जुन्या टीममध्ये हे धडे कुणीतरी आधीच घेतलेले असतात. बंकरमागून, म्हणजे मैदानातल्या आडोशामागून, डोकं किती काढायचं, ओरडून समोरच्याची जागा कशी सांगायची, गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या आत कसा ठेवायचा. बदल्यात सुरुवातीला बाकावर बसायचं आणि कॅप्टनची बोलणी खायची.

मी तरी आधी वर्षभर दुसऱ्यांकडेच खेळेन. मास्क मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःचा. भाड्याच्या मास्कची काच वाफेनं धुरकटते, आणि आतला घामाचा वास दुसऱ्याचा असतो.