चिकुनगुन्या आणि रॉस रिव्हर: सांधे धरणारे दोन विषाणू
चिकुनगुन्या आणि रॉस रिव्हर हे दोन्ही विषाणू मुख्यतः डासांमार्फत पसरणाऱ्या अल्फाव्हायरस गटातले असले, तरी त्यांचा वावर वेगळा आहे. १९५२ साली आजच्या टांझानियात साथ आली, तेव्हा ‘वाकवणारा’ अशा अर्थाचे, तिथल्या माकोंडे भाषेतले नाव मिळालेला चिकुनगुन्या आता आफ्रिका, आशिया व अमेरिका खंडांत आढळतो, कारण साठवलेल्या पाण्यात वाढणारा एडिस डास त्याला माणसाकडून माणसाकडे नेतो. रॉस रिव्हर मात्र कांगारू व वॉलबी (कांगारूसारखाच लहान प्राणी) यांच्या शरीरात राहून मुख्यतः ऑस्ट्रेलिया व पापुआ न्यू गिनीत टिकून आहे. १९७९-८० मधील पॅसिफिक बेटांवरची साथ हा ठळक अपवाद. चिकुनगुन्यात ताप एकाएकी चढतो, रॉस रिव्हरमध्ये तो बहुधा सौम्य असतो. सांधे आखडल्याने सकाळी मूठ न वळणे मात्र दोन्हींत सारखेच, म्हणून रुग्णाचा अलीकडचा प्रवास आधी विचारलेला बरा.