घरबसल्या जुने नकाशे: स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची वेबसाइट

एकतीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात भूगोल शिकवला. नकाशा म्हणजे भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला, मागे कापड लावलेला, घड्यांवर झिजलेला, एवढंच माहीत. सध्या मुलाकडे एडिंबराला आले आहे. त्यानं नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची नकाशांची साइट उघडून दिली आणि गेले तीन आठवडे मी त्यातच आहे. पैसे लागत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही. गावाचं नाव टाकायचं, जुनी पानं समोर येतात, आणि घराची भिंत दिसेपर्यंत मोठी करता येतात.

मी शोधलं ते सेंट किल्डा, बेटांचा एक छोटा पुंजका. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर समुद्रात, जवळच्या वस्तीपासूनही साधारण साठ किलोमीटर लांब. हिर्टा या मुख्य बेटावर एकच गाव होतं. २९ ऑगस्ट १९३० ला शेवटची ३६ माणसं बेट सोडून गेली. या लोकांबद्दल जिथे तिथे एकच गोष्ट सांगितलेली वाचली: हजारो वर्षं जसंच्या तसं राहिलेलं जग एका दिवसात संपलं. ते मला पटत नव्हतं. समुद्राकाठचं गाव कधी जसंच्या तसं राहतं का?

या बेटाची सविस्तर मोजणी थेट १९२७ साली झाली. जॉन मॅथिसन हे निवृत्त सर्व्हेअर तिथे गेले आणि त्यांचा नकाशा १९२८ ला छापला गेला. गाव रिकामं व्हायच्या जेमतेम दोन वर्षं आधी! इथे शिकणाऱ्यांना एक सांगते, पानावरचं छपाईचं साल आणि मोजणीचं साल वेगळं असतं. मी पहिल्या दिवशी ते एकच धरलं आणि वहीतल्या सगळ्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या.

गावाचा भाग मोठा करून बघा. उपसागराकडे तोंड करून घरांची एक बाकदार रांग आहे. हे काही पुरातन गाव नाही. १८३०च्या दशकात पाद्री नील मॅकेन्झी यांच्या पुढाकारानं जुनी वस्ती मोडून ही रांग बसवली. त्याआधी शेताचे तुकडे ठराविक काळानं चिठ्ठ्या टाकून पुन्हा वाटायचे. नव्या व्यवस्थेत प्रत्येक घराला आपली लांबट पट्टी मिळाली. मग १८६०च्या वादळात घरांची नासधूस झाली, आणि त्यानंतर सोळा नवी घरं उठली, वर जस्ताचे पत्रे. जुन्या 'काळ्या घरांमध्ये' (ब्लॅकहाउस, म्हणजे जाड दगडी भिंतींची, गवताच्या छपराची आधीची घरं) गुरं बांधायला लागले. म्हणजे एका माणसाच्या हयातीत गाव दोनदा नव्यानं उभं राहिलं. आता माणसं मोजा: १६९७ ला मार्टिन मार्टिन हा प्रवासी लेखक तिथे गेला तेव्हा साधारण १८०. १८५२ ला ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघाले. नकाशावरची सोळा घरं बघताना हे आकडे शेजारी लिहून ठेवले की १९३० आभाळातून पडलेलं वाटत नाही.

दुसऱ्या खिडकीत आजचं उपग्रहचित्र उघडलं. रांग तशीच वळलेली, बहुतेक घरांवर छप्पर नाही. किनाऱ्यालगत १९५७ पासूनच्या लष्करी तळाची जागा दिसते. डोंगरउतारावर ठिपके ठिपके दिसतात ती दगडी कोठारं, क्लीट म्हणतात, सगळ्या बेटांवर मिळून चौदाशेच्या वर. फटींतून वारा खेळेल अशी रचलेली, वर गवताचं ढेकूळ. समुद्रपक्षी मारून त्यात सुकवायचे. आमच्याकडे बांगडे वाळत घालतात ते आठवलं. फक्त इथे ऊन नाही, सगळं वाऱ्याच्या भरवशावर.

पुळणीबद्दल मात्र जपून. या उपसागरात उन्हाळ्यात वाळू येते आणि हिवाळ्याच्या वादळात धुऊन जाते, खाली गोटे उघडे पडतात. आमच्या खाडीच्या तोंडाला पावसाळ्यात हेच होतं. मोजणी कुठल्या महिन्यात झाली ते बघितल्याशिवाय किनारा सरकला असं म्हणू नये. नकाशा त्या दिवसाचा असतो.

खडकांना, कड्यांना, घळींना दिलेली गेलिक, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेतली, नावं हे या पानाचं मला सर्वांत मोलाचं वाटलं. इतक्या बारीक नावांनी ओळखला जाणारा कडा म्हणजे रोज पाय पडणारा कडा. पक्षी धरायला दोरानं उतरायची माणसं ती. आमच्या आजोबांनाही समुद्रातला प्रत्येक खडक नावानं ठाऊक होता, आणि ती नावं कुणी लिहून घेतली नाहीत.

या पानाची छापील प्रत एका ऑनलाइन दुकानातून मागवली होती. पैसे भरपूर घेतले, आणि आली ती धुरकट, नावं भिंगातूनही लागेनात. त्या फंदात पडू नका, साइटवरचं पानच बघा. मोबाइलपेक्षा लॅपटॉपवर. आणि जुना नकाशा उपग्रहचित्रावर ठेवून पट्टी सरकवत बघायची सोय आहे ती आधी स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या लुईस बेटावर वापरून बघा, तिथली गावं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच मोजलेली आहेत. माझं पुढचं पान तेच आहे. उत्तर टोकाला नेसपासून सुरुवात केली आहे.